पणजीत तीन दिवस, दुपार मोकळी ठेवून

प्रश्न: ताई, आम्ही दोघी बहिणी. मी छप्पन्न वर्षांची, धाकटी पन्नाशीची. मुलं मार्गी लागली, आता दोघींनीच तीन दिवस कुठंतरी निवांत जाऊन यायचं ठरवलंय. समुद्राजवळचं गाव हवं, पण नुसतं वाळूत बसून राहायचं नाही. माझ्या मनात पणजी आहे. घरचे म्हणतात, गोवा काय दोन बायकांनी जायची जागा आहे का? धाकटीच्या गळ्यात माळ आहे, ती मासे-मटण-अंडं काही खात नाही. मला मात्र मासे हवेत. दोघींनाही गाडी चालवता येत नाही. कधी यावं, कुठं राहावं, काय बघावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी घरच्यांच्या शंकेबद्दल बोलते, कारण असे बेत तिथंच मोडतात. मी लग्न होऊन रत्नागिरीहून पणजीत आले, इथल्याच शाळेत मराठी शिकवलं आणि आता निवृत्तीनंतरही इथंच राहते. या शहरात बाई एकटीच नदीकाठच्या बाकावर तासभर बसली तरी कुणी येऊन चौकशी करत नाही. संध्याकाळी चर्चमधून फ्रॉक घातलेल्या आज्या बाहेर पडतात, महालक्ष्मीच्या देवळातून नऊवारी-पाचवारीतल्या बायका येतात, आणि बेकरीच्या दारात सगळ्यांची गाठ पडते. कपड्यांवरून, सोबत कोण आहे यावरून किंवा पेल्यात काय आहे यावरून माणसाची किंमत करायची इथं रीत नाही. मला या शहराचं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. तुम्ही दोघी निर्धास्त या. एवढंच सांगते की, रात्री नऊनंतर आतले रस्ते लवकर सामसूम होतात. तेव्हा बसस्टँडकडून पायी यायच्याऐवजी रिक्षा करा, भाडं मात्र बसायच्या आधीच ठरवा.

आता कधी यायचं ते. २० डिसेंबरपासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येऊ नका. खोल्यांचे दर चढलेले असतात आणि रस्त्यावर चालायला जागा नसते. नोव्हेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत 'इफ्फी' असतो. २००४ पासून हा चित्रपट महोत्सव पणजीतच भरतो. सिनेमाची आवड असेल तर आधी नावनोंदणी करून मुद्दाम तेव्हा या, नसेल तर ते दिवस टाळा. माझ्या मते तुमच्यासाठी डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. ८ डिसेंबरला आमच्या मोठ्या चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, असतो. त्या दिवसांत चर्चच्या आसपास फेरी भरते, म्हणजे आपल्याकडची जत्रा. तिथं खाजं मिळतं, आल्याचा झणका असलेलं, गुळातलं. ते धाकटीलाही चालेल.

सांगलीकरांना प्रवास सोपा आहे. मिरजेहून रात्रीची गोवा एक्स्प्रेस धरली की पहाटे मडगाव येतं. आरक्षण करताना वेळ तेवढी पाहून घ्या. दूधसागर अंधारातच मागं पडतो, त्याची हळहळ करू नका. मडगावच्या कदंब बसस्टँडवरून पणजीला मध्ये कुठंही न थांबणारी शटल बस मिळते. खिडकीवर तिकीट काढायचं आणि रांगेत उभं राहून चढायचं. तासाभरात पणजी. दिवसाचा प्रवास आवडत असेल तर कोल्हापूरहून आंबोली घाटानं एसटीनं या.

राहायला फोंताइन्हास किंवा त्याला लागून असलेला सांव तोमे हा भाग निवडा. जुन्या घरांतल्या खोल्या भाड्यानं मिळतात. लाकडी जिना, उंच छत, खाली घरमालक राहतात. खोली ठरवताना दोन गोष्टी विचारा: जिना किती चढायचा आहे, आणि खिडकी रस्त्याकडे उघडते की मागच्या बाजूला. मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटींसमोरची हॉटेलं मात्र घेऊ नका. नदी दिसते खरी, पण रात्रभर गाड्यांची वर्दळ असते.

आणि आता मुख्य गोष्ट. बाहेरची माणसं पणजीत येतात तेव्हा सकाळी नऊ ते रात्री नऊ असा बेत आखून येतात, आणि दुपारी एक वाजता शहर दार लावून घेतं तेव्हा वैतागतात. इथली बरीचशी दुकानं एकला बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. रविवारी तर बाजार थंडच. यात आळस नाही. दमट हवेत, समुद्रकाठच्या उन्हात जगायची ही अनुभवानं आलेली पद्धत आहे. तुम्हीही तेच करा. सकाळी सहा ते अकरा बाहेर, मग जेवण, मग चक्क झोप, आणि चारनंतर पुन्हा बाहेर. तीन दिवसांतल्या तिन्ही दुपारी मोकळ्या ठेवल्यात तरच हे शहर तुम्हाला भेटेल.

फोंताइन्हास सकाळी सातच्या आत फिरा. तेव्हा पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत पाव विकत फिरत असतो. त्याच्या टोपलीत साधा पाव, कडक उंडो आणि कोंड्याची पोयी असते. पोयी घ्या, गरम असतानाच खा. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती, खिडक्यांच्या लाल-पांढऱ्या चौकटी, दारावर अझुलेजोच्या निळ्या फरशीवर लिहिलेलं घराचं नाव. सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलमध्ये जो क्रूस आहे तो मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तिथं थोडा वेळ थांबा. पुढं पायऱ्या चढून गेलात की मळा नावाच्या भागातल्या मारुतीचं देऊळ लागतं. धाकटीला तिथं बरं वाटेल, आणि तिथून सगळ्या वस्तीची कौलं दिसतात.

एक विनंती मी प्रत्येक पाहुण्याला करते. ही घरं रिकामी नाहीत. आत म्हातारी माणसं राहतात, मुलं अभ्यास करतात. अलीकडे लोक सकाळपासून दारात, ओट्यावर, कुणाच्या खिडकीला टेकून फोटो काढतात. रहिवाशांना शेवटी पाट्या लावाव्या लागल्या. रस्त्याचा फोटो जरूर काढा, पण कुणाच्या पायरीवर बसून नको. बाल्कनीत कुणी दिसलं तर 'देव बरो दीस दिवं' म्हणा, म्हणजे देव चांगला दिवस देवो. बहुतेकदा समोरून हसूच येतं. इथं मराठी बहुतेकांना कळतं, तुम्ही मराठीतच बोला. उत्तर कोंकणीत आलं तर तेही तुम्हाला समजेल. फक्त 'गोवा म्हणजे आपलं कोकणच' असं कुणाला म्हणू नका. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायचं नाही असं ठरवलं, आणि इथल्या घराघरांत त्या आठवणी अजून ताज्या आहेत, दोन्ही बाजूंच्या.

खाण्याचं. नाश्त्याला भाजी-पाव. आपल्याकडची बटाटा-टोमॅटो चेचून केलेली पावभाजी नव्हे. इथं पातळ भाजी वेगळी, सुकी भाजी वेगळी, दोन्ही एकत्र हवी तर 'मिक्स' म्हणायचं. सोबत तळलेली मिरची आणि गोडसर बन. कॅफे ताटोसारख्या जुन्या शाकाहारी ठिकाणी धाकटीला काही विचारायचीही गरज पडणार नाही. बाकी ठिकाणी 'शिवराक' असं सांगा, लगेच कळतं. तिला खतखतं, मुगाची गाठी, अळसांद्याचं तोणाक मिळालं तर सोडू देऊ नका. बिबिंका मात्र तिनं खाऊ नये, त्यात अंड्याचा बलक असतो. त्याऐवजी दोदोल घ्या, तांदूळ-नारळ-गुळाचं. तुम्ही दुपारी माशाची थाळी घ्या: शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, किसमूर, तिसऱ्यांचं सुकं, रव्यात तळलेला चोणक किंवा विसवण, म्हणजे सुरमई, वर सोलकढी. जेवायला साडेबाराच्या आत पोचा, एकनंतर चांगल्या खानावळींत उभं राहावं लागतं.

बघण्यासारखं सगळं चालत जाण्याजोगं आहे. पांढरं शुभ्र मोठं चर्च, नागमोडी पायऱ्यांचं, १६१९ साली आजच्या रूपात उभं राहिलं. त्याची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली. सचिवालयाच्या जुन्या इमारतीशेजारी, म्हणजे आदिलशहाच्या वाड्याशेजारी, आबे फारियाचा पुतळा आहे. हा कांदोळीचा, जन्म १७५६ चा, पॅरिसला जाऊन त्यानं संमोहनविद्येचा पाया घातला. पुतळ्यात त्यानं हात उचललाय आणि समोरची बाई मोहनिद्रेत कोसळतेय. आझाद मैदानाजवळ इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदारातल्या भिंती बघायला विसरू नका. १९३५ साली बसवलेल्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो आहेत, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या. बहुतेक पाहुणे समोरून निघून जातात. आणि पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय! १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. निवृत्तीनंतर माझ्या कित्येक सकाळी तिथंच जातात. मराठी पुस्तकांचा संग्रह मोठा आहे. बाहेरच्यांनीही जाऊन बसावं, वाचावं.

धाकटीला मंगेशी बघायची असणारच. त्यासाठी टॅक्सी नको. पणजी-फोंडा बस जुन्या गोव्यावरून आणि मंगेशीवरूनच जाते. सकाळी सातला निघा, आधी जुन्या गोव्यात उतरा. बॉम जिझस बासिलिका, समोर से कॅथेड्रल, आणि थोडं चढून सेंट ऑगस्टिनचा मोडका मनोरा. हा मनोरा माझा आवडता. १६०२ साली बांधलेला, आता अर्धाच उरलाय, आणि तिथं गर्दी नसते. मग पुढची बस धरून मंगेशी. मूळ देऊळ कुशस्थळीला, आताच्या कुठ्ठाळीला होतं; पोर्तुगिजांच्या भीतीनं १५६० मध्ये देव खाडीपलीकडे इथं आणला. दोन्ही ठिकाणी खांदे-गुडघे झाकलेले कपडे लागतात. दुपारी एकपर्यंत परत खोलीवर.

तिसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची टॅक्सी करा, हा खर्च करण्यासारखा आहे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरायचं. दोन्ही बाजूंना खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, बगळे, टेकडीवर पिएदादचं चर्च. कदंब राजांचा सप्तकोटेश्वर मूळ या बेटावरचा. पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला गेलं, आणि तिथं १६६८ साली शिवाजी महाराजांनी देऊळ पुन्हा बांधायला लावलं. दारावर तसा शिलालेख आहे. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून फेरीबोटीनं नार्व्याला उतरा, म्हणजे देव ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं तुम्हीही जाल. देऊळ लहान, घुमट साधा, पुढं दीपमाळ, भोवती झाडी. महाराष्ट्रातून येणाऱ्यांपैकी फार थोडे इथवर पोचतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

संध्याकाळी कुठं जायचं याचा विचारही करू नका. एका संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावरून बेतीची फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. ऑफिस सुटल्यावर घरी जाणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहून जा, पलीकडे चहा घ्या, परत या. पैसे देऊन घेतलेल्या गाण्याबजावण्याच्या बोटीपेक्षा मांडवी इथून खरी दिसते. दुसऱ्या संध्याकाळी काम्पालच्या झाडांखालून मिरामारपर्यंत चालत जा. वाटेत चार्ल्स कोरियांनी नदीकडे तोंड करून बांधलेली कला अकादमी लागते. दीनानाथ मंगेशकरांच्या नावाच्या तिथल्या नाट्यगृहात त्या दिवशी काही आहे का विचारा. मिरामारला पाण्यात उतरू नका. नदी आणि समुद्र मिळतात तिथं ओढ फसवी असते. वाळूत बसा, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी तिथंच आहे.

प्रश्न: ताई, मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघे मुलगे, पुण्यात नोकरी करतो. एकत्र राहून तीन वर्षं झाली. आमच्या गावाकडे हे कुणाला माहीत नाही. दोन दिवस कुठंतरी लपवाछपवी न करता राहायचंय. पणजीत जमेल का? खोली देताना काही विचारतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: बाळांनो, या. तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा आनंद झाला तो हा, की दोघांनी मिळून ठरवलंत.

कायद्याचं आधी. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तुमचं नातं हा गुन्हा नाही. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला लग्नाचा दाखला लागतो असा कायदा कुठंच नाही. दोघांची ओळखपत्रं मात्र हॉटेलला द्यावीच लागतात, त्याला हरकत घेऊ नका. तरीही मी म्हणेन, खोली ठरवताना फोन करून सरळ सांगा: आम्ही दोघं जोडपं आहोत, एकच पलंग हवा. समोरचा अडखळला तर ती जागा सोडा, दुसरी मिळेल. तिथं पोचून दारात अपमान सोसण्यापेक्षा हा एक फोन बरा. जुन्या वाड्यांत खोल्या देणारी काही कुटुंबं चौकशीच करत नाहीत, सकाळी दोन कप कॉफी आणून ठेवतात.

नदीकाठी हात धरून चाललात तर पणजीत कुणी वाटेला जाईल असं मला वाटत नाही. मध्यरात्री कॅसिनोबाहेरच्या पिऊन आलेल्या घोळक्यांपासून मात्र लांब राहा. ते बहुधा बाहेरगावचे असतात, आणि त्यांचा उपद्रव सगळ्यांनाच होतो. दारूचं म्हणाल तर वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत, उघड्या किनाऱ्यावर पिणं गुन्हा आहे. मार्च ते मे आलात तर काजूचं हुर्राक मिळेल, पहिल्या धारेचं, लिंबू-मीठ-मिरची घालून. ते हलकं लागतं म्हणून भराभर पिऊ नका, आणि त्यानंतर दुचाकीला हात लावू नका. भाड्याची दुचाकी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, तीच कायदेशीर. हेल्मेट दोघांनाही.

कार्निव्हालच्या शनिवारी दुपारी राजा मोमोची मिरवणूक पणजीतून निघते. त्या दिवशी अख्खं शहर रस्त्यावर नाचतं, कोण कुणाबरोबर नाचतोय ते कुणी बघत नाही. फेब्रुवारीत जमलं तर तेव्हाच या. आणि एका सकाळी लवकर उठून रेईश मागूशच्या किल्ल्यावर जा. बेतीहून जवळ आहे, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं तिथं लावलेली आहेत, आणि तटावरून पलीकडे सगळी पणजी दिसते. घरी कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तुम्ही मला विचारलेलं नाही, म्हणून मीही बोलत नाही. पुन्हा लिहावंसं वाटलं तर लिहा.

प्रश्न: जुलैमध्ये सवलतीत खोल्या मिळतात. पावसाळ्यात पणजीला यावं का? सासरे बरोबर आहेत, त्यांना पायऱ्या चढवत नाहीत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पाऊस आवडत असेल तरच. जून-जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै. ताजी समुद्री मासळी कमी आणि महाग, नदीतली आणि खाडीतली मिळते. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकानं चालते, गाड्या सावकाश येतात. समुद्रात उतरायचं नावच नको. मात्र आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला असतो. तेलानं माखलेली मोठी माणसं लहान मुलांसारखी चिखलात खेळतात. तो बघायला मिळाला तर जुलै सार्थकी लागेल.

सासऱ्यांसाठी फोंताइन्हास नको, मळ्याच्या पायऱ्या आणि जुने जिने त्यांना जमणार नाहीत. अठरा जून रस्त्याच्या आसपास लिफ्ट असलेलं हॉटेल घ्या. खाली उतरलं की चहा, औषधाचं दुकान, बाजार सगळं जवळ. मोठ्या चर्चच्या पायऱ्या त्यांनी खालूनच बघाव्यात, खालूनच ते छान दिसतं. मध्यवर्ती ग्रंथालयात लिफ्ट आहे. पाऊस कोसळत असताना तिथं मराठी वर्तमानपत्रं वाचत दोन तास ते आनंदानं बसतील, तेवढ्या वेळात तुम्ही बाजारातून सोलं, म्हणजे कोकमं, घेऊन या.